हिरव्या अक्षरांतलं नाव

प्रिय वहिनी,

माझं हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहशील, मला माहीत आहे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईनं कागद-पेन घेतलं म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटेल, आणि तुझं काही चुकणार नाही. फोन का केला नाही ते शेवटी सांगते. अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. दादा म्हणायचाच, असलं अक्षर असताना डॉक्टर व्हायचं सोडून इंजिनीअर कशाला झालीस म्हणून.

आधी घरचं सांगते. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात छान झालंय, आई म्हणते त्यांना काय जातंय म्हणायला. वर्तमानपत्रातले मोठे मथळे तेवढे दिसतात, खालचं सगळं धूसर. त्यामुळे शनिवार-रविवार मी इथे येते, डोळ्यांत थेंब घालते आणि तिला पेपर वाचून दाखवते. मधली एखादी बातमी गाळली तर तिला बरोबर कळतं. दादाची खुर्ची खिडकीपाशी होती तिथेच आहे. त्या खुर्चीपुढची सतरंजी उजव्या पायाखाली झिजून भोक पडायला आली होती, आठवतं? अठरा वर्षं लोकांना गाडी शिकवून त्याचा पाय इतका सरावला होता, की टीव्हीवर कुणी गाडी जोरात वळवली तरी तो इथे बसून ब्रेक दाबायचा. आई ती सतरंजी बदलू देत नाही. मीही आग्रह करत नाही.

दुसरं म्हणजे भिंगरीच्या शाळेचा फॉर्म. तू तिचे सगळे कागद मला पाठवलेस आणि खाली लिहिलंस, तूच भर गं, मला फॉर्म उघडला की घाम फुटतो, परत काही जोडायचं राहिलं तर पोरीचं वर्ष जाईल. ते मी ऑफिसात वाचलं आणि उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. तू शाळेच्या ग्रंथालयात बसणारी बाई. तीन हजार पुस्तकांपैकी कुठलं कुणाच्या घरी धूळ खात पडलंय हे तुला रजिस्टर न उघडता सांगता येतं. दादाच्या गोळ्या तू वर्षभर वेळेवर दिल्यास, एकही चुकली नाही. आणि तुला आता सात रकान्यांच्या फॉर्मची भीती वाटते. वहिनी, ती भीती तुला कुणी घातली हे मला सांगायचं आहे. जरा लांबून सुरुवात करावी लागेल, कारण मी नेमकं काय काम करते हे मी घरात कधी धड सांगितलंच नाही. तुमच्या लग्नात दादा सगळ्यांना माझी ओळख करून देत होता, ही आमची चिकटपट्टी, लहानपणी मोडलेलं सगळं चिकटवत बसायची, आता मोठी झाली म्हणून कंप्यूटर चिकटवते. तेवढ्यावरच सगळ्यांचं समाधान झालं.

प्रत्यारोपण केंद्राच्या वेबसाइटचं काम आमच्या कंपनीकडे आहे, हे तुला माहीत आहे. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं नाव प्रतीक्षायादीत घालायला जो फॉर्म भरतात, तो मी केला होता. दादा आजारी पडला त्याच्या दोन वर्षं आधी. त्या फॉर्मात एक रकाना फाइलचा. तपासण्यांचा अहवाल स्कॅन करून तिथे जोडायचा. आता हा रकाना बाकीच्यांसारखा नसतो. नाव, वय, पत्ता यांत आम्हाला हवं ते भरून ठेवता येतं, पण फाइलच्या रकान्यात आम्हाला काही म्हणजे काही भरता येत नाही. ब्राउझर भरू देत नाही. नाहीतर कुठलीही वेबसाइट तुझ्या कंप्यूटरमध्ये शिरून तुझे फोटो, पत्रं, कागद गुपचूप उचलून नेईल. म्हणून फाइल निवडायची ती माणसानं स्वतःच्या हातानं. ती कुठल्या फोल्डरमध्ये होती एवढंसुद्धा ब्राउझर आम्हाला कळू देत नाही, विचारलंच तर एक बनावट पत्ता तोंडावर फेकतो. पाहुण्यानं आपण दिलं तेवढंच घ्यावं, कपाट उघडू नये, तसा हा नियम. चांगला आहे, वहिनी. मी आजही त्याच्या बाजूनं आहे.

त्यातून एक अडचण मात्र होते. समज, तू फॉर्म भरलास, फाइल जोडलीस, पाठवलास, आणि जन्मतारीख लिहिताना काही चुकलं. मग तोच फॉर्म तांबड्या अक्षरांत चूक दाखवत तुझ्याकडे परत येतो. बाकीचं सगळं आम्ही तुझ्यासाठी पुन्हा भरून ठेवतो, पण फाइलचा रकाना रिकामा येतो, कारण तो भरणं आमच्या हातात नाही. माणसं गोंधळायची. केंद्रातल्या मदतीच्या फोनवर बसणाऱ्या बाई रोज वैतागून मला कळवायच्या, लोक विचारतायत आमची फाइल कुठे गेली, तुम्ही खाल्ली का. आजारी माणसाच्या घरातून आलेले फोन ते, त्यांच्यावर चिडताही येत नाही. मला त्या लोकांची खरंच कणव आली. म्हणून मी एक गोष्ट केली. पहिल्यांदा जोडलेल्या फाइलचं नाव लक्षात ठेवायचं, आणि फॉर्म परत आला की त्या रकान्याखाली ते नाव दाखवायचं. कुठली फाइल होती ते माणसाला आठवावं आणि त्यानं तीच पुन्हा निवडावी, एवढाच हेतू. नावापुढे ‘ही फाइल कृपया पुन्हा निवडा’ असंही लिहिलं होतं. पण फोनच्या छोट्या पडद्यावर ते वाक्य मावेना, दोन ओळी होऊन खालचं बटण झाकायला लागलं. तेव्हा मी वाक्य काढलं आणि नुसतं नाव ठेवलं. हिरव्या अक्षरांत, कारण तांबडं लोकांना घाबरवतं.

इथवर असतं तरी निभावलं असतं. पण फाइल नसेल तर फॉर्म घ्यायचा नाही अशी जी तपासणी होती, तीही माझीच, आणि नवं नाव साठवताना मी ती जराशी बदलली. तपासणी विचारायची, फाइलचं नाव आहे का. एकदा फाइल जोडली की नाव तर आता कायमच असायचं. नाव आहे म्हणजे फाइल आहे, असं मी त्या एका ओळीत धरून चालले. चाचण्या मीच घेतल्या, पण माझ्याच फॉर्ममध्ये मी चुकीचं काही कशाला भरेन? सगळं पहिल्या फटक्यात बरोबर भरायची आणि सगळं बरोबर चालायचं. महिन्याभरात तक्रारी बंद झाल्या. त्या फोनवरच्या बाईंनी आमच्या साहेबांना कळवलं, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी घरी येऊन दादाला सांगितलंही होतं. त्यानं विचारलं, पगार वाढला का, आणि नाही म्हटल्यावर परत मॅच बघायला लागला.

मग त्याचं यकृत गेलं. तो सगळा काळ तुझ्याच अंगावरून गेलाय, तो मी तुला काय सांगू. फक्त त्या मंगळवारचं सांगते. तू शाळेतून रजा काढली होतीस. अहवाल आदल्या दिवशी आला होता आणि तू तो स्कॅन करून त्याच्या नावानं नीट साठवून ठेवला होतास. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, फॉर्म आपल्याच घरचा आहे, डोळे मिटून भर. दादानं पलंगावरून त्याचा फोन नंबर सांगितला. तो नंबर कायम दोन तुकड्यांत सांगायचा, मधे श्वास घ्यायचा, आणि तब्येत बरी होती तेव्हाही तसाच सांगायचा. तू तसाच लिहिलास, मधे एक जागा सोडून. सगळं जग तसंच लिहितं. माझ्या फॉर्मला ती जागा चालत नव्हती. फॉर्म परत आला, तू ती जागा काढलीस, आणि मग पाठवायच्या आधी मला फोन केलास. मी ऑफिसात दुसऱ्या कुठल्यातरी कामात मान घालून बसले होते. तू विचारलंस, अगं, तो फॉर्म परत आला होता, पण खाली फाइलचं नाव दिसतंय हिरव्या अक्षरांत, म्हणजे जोडलेली आहे ना? आणि मी म्हटलं, दिसतंय ना, मग झालं, दाब बटण. मान वरही केली नाही, वहिनी. ते हिरवं नाव मीच तिथे ठेवलं होतं, आणि ते कशासाठी ठेवलं होतं हे मलाच आठवलं नाही.

सहा आठवड्यांनी केंद्राचं पत्र आलं, अर्ज अपूर्ण, तपासणी अहवाल जोडलेला नाही. तू ते पत्र हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, आणि चेहऱ्यावर फक्त न कळणं होतं. दुसऱ्या दिवशी तू स्वतः केंद्रात जाऊन कागद देऊन आलीस, त्याच आठवड्यात नाव यादीत लागलं, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी दादा गेला. त्या सहा आठवड्यांत त्याच्या रक्तगटाची दोन यकृतं आली होती, हे डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं. दादाचा नंबर लागला असता का, असं तू विचारलंस, तर ते म्हणाले सांगता येत नाही. मी तेव्हापासून त्या ‘सांगता येत नाही’ला धरून बसले आहे. तूही बसली असशील, पण तुझ्या बाजूनं ते वेगळं लागत असणार.

आणि मग तो जेवणाचा प्रसंग. तुझ्या पानात आईनं वाढलं नाही, भांडं तुझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, माझा मुलगा एका कागदापायी गेला, एक कागद जोडता आला नाही हिला. भिंगरी तिथेच होती. तिनं तुझ्याकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे बघितलंस, मग ताटाकडे, आणि उठून हात धुतलेस. मी आईला, आई पुरे आता, एवढंच म्हणाले, जणू तिनं फक्त आवाज चढवला होता. दोन महिन्यांनी तू बदली मागून घेतलीस आणि पोरीला घेऊन गेलीस. सामान टेम्पोत चढवायला मी आले होते. पुस्तकांच्या खोक्यांवर तू काय काय आहे ते ओळीनं लिहून चिकटवलं होतंस, आणि मला म्हणालीस, बघ गं एकदा, माझ्याकडून काही राहिलंय का.

आता जे लिहायचं होतं ते. दादा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तू अजून त्याच घरात असताना, मी ऑफिसात बसून त्या मंगळवारची नोंद काढली. कुणी कधी फॉर्म पाठवला, त्याबरोबर काय आलं, हे सर्व्हर टिपून ठेवतो. खरं सांगते, मी तुझी चूक बघायलाच गेले होते. चूक किती लहान होती हे कळलं तर आईला समजावता येईल, असं स्वतःला सांगत होते. सकाळी अकरा बावन्न, पहिला प्रयत्न. फाइल आली आहे, दादाच्या नावाची, पूर्ण, चार पानांच्या अहवालाची असावी एवढ्या आकाराची. परत पाठवण्याचं कारण, फोन नंबर. अकरा अठ्ठावन्न, दुसरा प्रयत्न. फाइलचं नाव आहे, फाइल नाही. अर्ज स्वीकारला. मधल्या सहा मिनिटांत काय झालं ते माझ्या फोनमध्ये होतं, तुझा आलेला कॉल, एक मिनिट चार सेकंद. पहिल्या वेळी आलेली फाइल आमच्या हातात होती, वहिनी. फॉर्म मंजूर होईपर्यंत रुग्णाचे कागद ठेवायचे नाहीत या नियमानं ती लगेच पुसली गेली. तू ती जोडली होतीस. तुझ्या हातानं, नीट, पहिल्याच वेळी.

त्यानंतर मी काय केलं तेही वाच. मी ती तपासणी दुरुस्त केली, ‘पुन्हा निवडा’ हे वाक्य परत आणलं, ते आता बटणाच्या खाली छान मावतं, आणि कामाच्या वहीत लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. मग मागची सगळी नोंद चाळली. नाव आहे आणि फाइल नाही असे आणखी एक्केचाळीस अर्ज निघाले. एक्केचाळीस घरांत ते पत्र गेलं असणार, अहवाल जोडलेला नाही. त्या घरांतही कुणीतरी भरला असणार फॉर्म, बायकोनं, मुलानं, शेजाऱ्यानं, आणि कुणीतरी त्यांच्याकडे बघितलं असणार. त्यातली किती माणसं आज आहेत हे मी पाहिलं नाही. माझी छाती झाली नाही. मी कंप्यूटर बंद केला, घरी आले, तू मला चहा दिलास आणि म्हणालीस, दमलेली दिसतेस. मी दमलेच आहे म्हटलं. चौदा महिने तेच म्हणते आहे.

तुला तो फोन आठवतो का, हे मला कळत नाही. आधी वाटायचं, त्या गडबडीत विसरली असशील. पण जी बाई खोक्यांवर याद्या चिकटवते ती हे विसरेल? तू आईला एका वाक्यात गप्प करू शकली असतीस. मी हिला विचारलं होतं, हीच दाब म्हणाली, एवढं म्हटलं असतंस तरी पुरे होतं. तू ताटाकडे बघितलंस. तुला वाटलं असेल, मुलगा गेलेल्या बाईला आता मुलीबद्दलही हे कशाला ऐकवायचं. किंवा आपणच फोनवर काहीतरी चुकीचं सांगितलं असेल. हे दुसरं असेल तर आजपासून ते काढून टाक. तू बरोबर सांगितलंस, मी ऐकलं नाही. आणि पहिलं असेल तर मी तुझ्याकडे तोंड वर करून बघू शकत नाही, म्हणून एक बरं झालं की हे पत्र आहे.

भिंगरीचा फॉर्म मी भरलेला नाही. तिचे कागद याच पाकिटात परत पाठवते आहे. तो तूच भर, घाम फुटला तरी. मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे. फॉर्म परत आला तर खाली काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस, फाइलच्या रकान्यात बघ, रिकामा असेल तर पुन्हा निवड. जगातल्या कुठल्याही फॉर्मला हेच लागू आहे. भिंगरीलाही शेजारी बसव. तिनं तुला फॉर्म भरताना पाहायला हवं.

आता हे पत्र का, आणि हातानं का. परवा रात्रीचं जेवण झाल्यावर आई स्वतःहून म्हणाली, तिला लिही. फोन नको, फोनवरचं विरून जातं, कागदावर लिही. लिही की आईनं तुला माफ केलं, झालं ते झालं, पोरीला घेऊन सुट्टीत ये. हे म्हणायला तिला चौदा महिने लागले. तिला वाटतंय ती तुला काहीतरी मोठं देते आहे. मी हो म्हटलं आणि कागद घेऊन या टेबलाशी बसले, आणि ‘माफ केलं’ हे शब्द माझ्याच्यानं लिहवेनात, कारण तुझ्याकडे माफ करण्यासारखं काही नाही, होतं ते सगळं इथे टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसलं आहे. एक्केचाळीस अर्जांची यादी आणि माझ्या सहीचा खुलासा काल केंद्राला आणि साहेबांना पाठवला, नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे. ते सोपं होतं, एक बटण होतं. अवघड ते आता आहे. आईला वाचता येत नाही, आणि तिची अट आहे की पाकीट बंद करायच्या आधी सगळं पत्र तिला वाचून दाखवायचं. गाळलं तर तिला कळतं. ती दादाच्या खुर्चीत येऊन बसली आहे आणि दोनदा विचारून झालं, संपलं का गं. हे पत्र तुझ्या हातात पडलं तर समज, मी ते पहिल्या ओळीपासून वाचलं आहे.

तुझीच,
चिकटपट्टी